म्हसोबाच्या वाफ्यातली शाळा

बारामतीच्या मंडईत फुलाबाईच्या भाजीला हात लावायची हिंमत सहसा कुणी करत नसे. लांबून बघायचं, भाव विचारायचा, पटला तर पैसे टाकायचे, नाही तर पुढं चालू लागायचं. मेथीची जुडी उचलून हुंगणाऱ्या एका वकिलीणबाईंना तिनं सगळ्या मंडईदेखत विचारलं होतं, की बाई, भाजी घ्यायला आलात का अत्तर? वकिलीणबाई फणकाऱ्यानं निघून गेल्या आणि पुढच्या बाजारी पुन्हा तिच्याच पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या, कारण तशी मेथी दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

जातीची माळीण. नवरा पटकीत गेला तेव्हा मुलगा रामहरी पाळण्यात होता. गावाबाहेर कालव्याच्या पाटावर तीन एकर रान, ते भावकीनं गिळायचंच बाकी ठेवलं होतं. फुलाबाईनं ते राखलं ते निव्वळ जिभेच्या जोरावर. दीर बांध कोरायला आला की ती बांधावर बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, तोही आसपासच्या रानांतल्या माणसांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं. शेवटी दिरालाच लाज वाटू लागली.

त्या रानात एक वाफा देवाचा होता. पाटाचं पाणी रानात शिरतं त्या तोंडाचा पहिलाच वाफा, म्हसोबाचा. त्यातली भाजी विकायची नाही. अमावास्येला नैवेद्याला न्यायची आणि उरलेली वाटून टाकायची. सासूनं हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं आणि तिनं ते तीस वर्षं पाळलं होतं. पहिलं पाणी आणि पहिला गाळ त्या वाफ्याला मिळे, म्हणून रानातली सगळ्यांत तजेलदार भाजी तिथंच येई. म्हसोबाची चंगळ होती.

नवं धरण झाल्यापासून उन्हाळ्यातली पाण्याची पाळी एकदाही चुकली नाही, असं फुलाबाई ज्याला त्याला कौतुकानं सांगायची. धरण कुठं आहे, केवढं आहे, तिला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं अडलंही नव्हतं. पाणी वरच्या अंगानं येतं, एवढी माहिती तिला पुरे होती.

एकोणीसशे बत्तीसच्या उन्हाळ्यात तिच्याकडं खुरपायला एक नवी पोरगी आली. वय एकोणीस-वीस, कपाळ मोकळं, कडेवर दोन वर्षांची मुलगी. नाव विचारलं तर म्हणाली, कौसल्या. काम नेटकं करायची, बोलायची कमी. मुलीला बांधावरच्या लिंबाखाली बसवून दिवसभर वाकून राहायची. फुलाबाईला कमी बोलणारी माणसं आवडत, कारण मग तिला स्वतःला बोलायला जागा राही.

एकदा दोघी चावडीवरून जात होत्या. भिंतीवर पाण्याच्या पाळीचा कागद चिकटवलेला होता. फुलाबाईची पाळी गुरुवारी असल्याचं तिला कुणीसं सांगितलं होतं. कौसल्या चालता चालता थांबली, कागदावर नजर फिरवून म्हणाली, की मावशी, पाळी गुरुवारी नाही, उद्याच आहे. फुलाबाईनं दोघातिघांना विचारून खात्री केली. खरंच उद्या होती. चुकली असती तर वांगी वाळून कोळ झाली असती.

त्या दुपारी लिंबाखाली भाकरी सोडताना तिनं पोरीला खोदून खोदून विचारलं. वडील रावजी मास्तर, शिंदोळीच्या शाळेवर होते. त्यांनी लेकीला सहावीपर्यंत शिकवलं. सातवीची फायनल झाली की तिलाही मास्तरीण करायचं त्यांच्या मनात होतं. पण मधेच धरण आलं, घाईघाईनं लग्न उरकलं, गाव उठलं. बाप हिवतापानं गेला, मागोमाग नवराही तशाच तापानं गेला. सासरचे मुंबईला गिरणीत गेले ते गेलेच.

"आन् ही शिंदोळी कुठं आली?" फुलाबाईनं विचारलं.

"भाटघरच्या धरनाच्या वरल्या अंगाला हुती. आता कुठंच न्हाय," कौसल्या म्हणाली आणि तिनं पाटाकडं बोट केलं. "हे पानी हाय न्हवं, ह्याच्या बुडाला."

फुलाबाई पाटावर हात धुवायला उठली होती, ती तशीच खाली बसली. तिला लाज वाटली. आपण काही केलेलं नसताना वाटावी तशी नव्हे, चोरीचा माल घरात सापडल्यावर वाटावी तशी. चार वर्षं ती ज्या पाण्याचं कौतुक मंडईभर सांगत होती ते कुणाच्या चुलीवरून आलं, हे तिला आज कळलं. त्या दिवशी तिनं पोरीवर उगाचच खेकसून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मुलींच्या शाळेत जाऊन मोठ्या बाईंपुढं उभी राहिली.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य बाई, पुण्याकडच्या, शिस्तीच्या. त्यांनी पोरीची परीक्षा घेतली. मराठी चांगलं, हिशेब विसरलेले, भूगोल अर्धा. दोन वर्षं अभ्यास केला तर फायनलला बसवता येईल, म्हणाल्या, आणि फायनल झाली तर शाळेत जागा देण्यासाठी मीच खटपट करीन. पण त्यासाठी पोरीला दुपारपासून संध्याकाळपर्यंत मोकळं सोडायला हवं होतं, म्हणजे तिची अर्धी मजुरी बुडणार होती. शिवाय पुस्तकं, वह्या, परीक्षेची फी. वर मायलेकींचं पोट.

फुलाबाईनं घरी येऊन रामहरीला सांगितलं, की उद्यापासून म्हसोबाचा वाफा शाळेचा. रामहरी अठरा वर्षांचा, आईच्या धाकातला आणि देवाच्या त्याहून जास्त. तो पांढराफटक पडला. देवाच्या वाफ्यातली भाजी बाजारात न्यायची म्हणजे काय, म्हणाला. फुलाबाई म्हणाली, की तीस वर्षं खाऊन देवाचं पोट भरलं असंल, आता त्या पोरीचं भरू दे. आणि मनातली धाकधूक रामहरीला दिसू नये म्हणून ती खुरपं घेऊन तडक रानात निघून गेली.

दोन वर्षं तो वाफा कौसल्येसाठी पिकला. कधी मेथी, कधी कोथिंबीर, हिवाळ्यात नवलकोल. मंडईत त्याची पाटी वेगळी असे. भावात घासाघीस करणाऱ्याला फुलाबाई सांगे, की ही भाजी स्वस्त मिळायची न्हाय, ही शिकती हाय. लोक हसत आणि घेत. काही बाया नाक मुरडत. ह्या बुडीत गावावालीला नवरा खरंच होता का, पोर कुणाचं, अशी कुजबुज फुलाबाईच्या कानावर आली. तिनं त्या बायांना मंडईत उभं करून सांगितलं, की कौसल्या कुंडलिक बांदल, चांगल्या घरची लग्नाची सून आहे, आणि पुन्हा तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ आहे. तेव्हापासून हे पुरं नाव ती येता-जाता उच्चारू लागली. ते तिला पोरीच्या अंगावरच्या धडक्या लुगड्यासारखं वाटे.

अभ्यासाचं तिला काही कळत नसे, पण संध्याकाळी ती शाळेच्या दारात कौसल्येच्या मुलीला खेळवत बसून राही. एकदा वर्गात पुणे जिल्ह्याचा नकाशा लावलेला होता. कौसल्येनं तिला आत नेऊन दाखवलं, ही नीरा, ही बारामती, हे इंदापूर, आणि वर डोंगरात एक ठिपका. शिंदोळी. नकाशा जुना होता, म्हणून गाव त्यावर शाबूत होतं.

चौतीस साली परीक्षेचा अर्ज भरायचा दिवस आला. मोठ्या बाईंनी लेखणी शाईत बुडवली आणि नाव विचारलं. कौसल्या म्हणाली, "रतन रावजी कोंडे."

फुलाबाई चमकली. हे कुठलं नाव? मोठ्या बाईंनी समजावलं, की हे तिचं माहेरचं नाव. लग्नात बदललं ते कौसल्या. सहावीचा दाखला रतनच्या नावाचा आहे, वडिलांच्या हातचा, तेव्हा अर्जही त्याच नावानं गेलेला बरा.

फुलाबाईला ते मुळीच पटलं नाही. नवऱ्याचं नाव टाकून बापाचं लावते ती एक तर टाकलेली नाही तर पळालेली, हे तिच्या आयुष्यात तरी दुसऱ्या कुठल्या अर्थानं घडलेलं नव्हतं. दोन वर्षं जिच्या नवऱ्याचं नाव घेऊन आपण मंडईची तोंडं बंद केली, तिचं नाव उद्या निकालात कुमारिकेसारखं छापून येणार? मग पोर कुणाचं, हा प्रश्न पुन्हा उभा, आणि तोही या खेपेला छापील.

"बाई, तिचा नवरा मेला, लगीन न्हाय मेलं," ती म्हणाली. "कौसल्या कुंडलिक बांदल लिवा. मी हाय की हितं उभी. दोन्ही एकच बाई हाय म्हनून मी सांगते."

बाई घुटमळल्या. कौसल्या एकदा म्हणाली, की मावशी, दाखल्यावर आहे तेच राहू द्या. फुलाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की ती गप्प झाली. जिच्या भाजीवर दोन वर्षं जगलो तिला उलटून बोलायचं कसं, हा विचार तिच्या तोंडावर लख्ख दिसत होता. तो फुलाबाईलाही दिसला. तिनं तो बघून न बघितल्यासारखं केलं. बाईंनी नाव लिहिलं आणि दोन्ही नावं एकाच उमेदवाराची असल्याची चिठ्ठी सोबत जोडली.

महिनाभरानं परीक्षेच्या कचेरीतून कागद परत आला. दाखला एका नावाचा आणि अर्ज दुसऱ्या नावाचा. दोन्ही व्यक्ती एकच असल्याबद्दल दाखला दिला त्या गावच्या शाळेचा, नाहीतर पाटलाचा लेखी पुरावा जोडावा. बाईंनी पुन्हा लिहिलं, की मग रतन या नावानंच अर्ज घ्यावा. उत्तर आलं, की एकदा दोन नावं कचेरीपुढं आल्यावर पुराव्याशिवाय कुठल्याच नावानं अर्ज घेता येणार नाही, यंदाही नाही आणि पुढंही नाही. शाळा तर पाण्याखाली होती. मास्तर मेलेले. राहिला पाटील.

शिंदोळीचे पाटील आबासाहेब इंदापूर तालुक्यात निरवांगीला येऊन राहिल्याचं कौसल्येला माहीत होतं. पण ती म्हणाली, की त्यांच्याकडं नको. का, ते सांगेना. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. फुलाबाईनं पोरीला मागंच ठेवलं, दाखला आणि कचेरीचा कागद पदरात बांधला आणि भाजीच्या गाडीत बसून लासुर्णे गाठलं. पुढं निरवांगीपर्यंत ती पायी गेली.

आबासाहेब पाटील भेटले ते माळावर दगड वेचताना. म्हातारा माणूस, मिशा अजून पाटलाच्या, धोतर मजुराचं. कालवा खालून गेलेला दिसत होता, पण त्यांच्या रानापर्यंत त्याचं पाणी चढत नव्हतं. फुलाबाईनं आयुष्यात कुणापुढं लावली नसेल इतकी मऊ जीभ लावली. रावजी मास्तरांची लेक आहे, रांडमुंड आहे, लेकरू आहे, तुम्ही दोन ओळींवर सही केलीत तर पायावर उभी राहील.

पाटलांनी हातातला दगड खाली ठेवला. मग ते म्हणाले, की तिनं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. सरकारचा कागद गावात आला तेव्हा तो वाचता येणारा एकच माणूस होता. रावजी मास्तरनं तो देवळापुढं वाचून दाखवला. जमिनीला जमीन मिळेल असं त्यात आहे, म्हणाला. घरोघर फिरून त्यानं अंगठे घेतले, कारण माणसांचा त्याच्यावर विश्वास होता. जमीन मिळाली नाही. पैसे मिळाले ते वाटेत संपले. शिंदोळीची पन्नास घरं कुठं कुठं विस्कटली, त्याचा पत्ता आता पाटलांना स्वतःलाही लागत नव्हता.

"तेनं कागद चुकीचा वाचला का जानूनबुजून, ते आता पान्यातनं वर येऊन कोन सांगनार?" पाटील म्हणाले. "पर बाई, मास्तराच्या हातनं आमी एकदा कागदावर अंगठा उठवला. त्याच्या लेकीच्या कागदावर मी अंगठा उठवायचो न्हाय. ती रतनच हाय, मला ठावं हाय. बारशाला मी हुतो."

फुलाबाईनं पुष्कळ विनवलं. शेवटी ती भांडली. तुमचं पाणी माझ्या रानात येतं, त्याचा राग माझ्यावर काढा, पोरीवर नको, असंही म्हणाली. पाटील पुन्हा दगड वेचू लागले. ते वाईट माणूस नव्हते. जाताना त्यांनी तिला तांब्याभर पाणी दिलं, तेवढंच होतं बहुधा. ती ते प्याली आणि चालत निघाली. वाटेत तिला पहिल्यांदा नीट कळलं की हा सगळा फेरा पाटलानं घातलेला नव्हता, तिनं घातला होता. पोरीनं आपलं नाव बरोबर सांगितलं होतं. लेखणी शाईत बुडालीही होती. मधे ती स्वतः पडली होती.

परीक्षा झाली. ज्यांची व्हायची त्यांची. मंडईत बाया म्हणाल्या, की देवाचा वाफा विकला, म्हसोबा सोडतोय होय! रामहरीही तेच म्हणाला. फुलाबाईला त्या बोलण्यात क्षणभर आडोसा मिळाल्यासारखं झालं. देवाच्या माथी मारता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तिला ते जमलं नाही. म्हसोबा बिचारा दोन वर्षं उपाशी बसला आणि त्यानं एका शब्दानंही तक्रार केली नव्हती.

कौसल्या महिनाभर खुरपायला येत राहिली आणि एका बाजारच्या दिवशी निघून गेली. पुस्तकं धुतल्या फडक्यात बांधून फुलाबाईच्या कोनाड्यात ठेवली होती. लासुर्ण्याकडं नवे उसाचे मळे होते, तिकडं बायकांना काम मिळतं, असं ती जाण्याआधी रामहरीला सांगून गेली. फुलाबाईला सांगायची तिची छाती झाली नाही.

फुलाबाई दिवाळीच्या तोंडावर लासुर्ण्याला गेली, पुस्तकं घेऊन. सकाळची हजेरी चालू होती. उसाच्या फडाच्या कडेला बाया रांगेनं उभ्या आणि मुकादम वहीत बघून नावं पुकारत होता. फुलाबाई कान देऊन उभी राहिली. कौसल्येचं नाव आलं नाही. मग मुकादमानं पुकारलं, रतन रावजी, आणि तिची कौसल्या 'हाजीर' म्हणाली.

दुपारी सुट्टीत दोघी फडाच्या कडेला बसल्या. मुलगी आता चार वर्षांची झाली होती, वाळक्या पाचटाशी खेळत होती. फुलाबाईनं विचारलं, की नाव हे कसं लावलंस?

"हितं कोन दाखला मागतंय, मावशी? मी सांगितलं ते त्यांनी लिवलं."

फुलाबाईनं पुस्तकांचं गाठोडं तिच्या पुढ्यात ठेवलं. मग ती म्हणाली, "चूक माझी हाय, पोरी. तू सांगत हुतीस."

"तुमी माझ्या भल्यासाठी केलं," कौसल्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकायला जड गेलं. "माझ्या बानंबी गावाच्या भल्यासाठीच कागद वाचला हुता." मग तिनं पुस्तकांचं गाठोडं परत फुलाबाईच्या मांडीवर ठेवलं. इथं पाचटात उंदीर फार आहेत, म्हणाली, कुरतडून टाकतील.

पुढच्या वैशाखात रामहरीचं लग्न झालं. नवरी फलटणकडची, चौदा वर्षांची, नाव शकू. वरात घरी आली, लक्ष्मीपूजन झालं, साखरेचं ताट पुढं आलं. आता सासूनं सुनेचं नवं नाव सांगायचं आणि साखर वाटायची. सगळ्या बाया फुलाबाईच्या तोंडाकडं बघू लागल्या.

"तिला नाव हाय," फुलाबाई म्हणाली. "शकू. तेच ऱ्हाऊ द्या."

बाया हसल्या. म्हातारी चेष्टा करतेय, असं त्यांना वाटलं. फुलाबाईनं पुन्हा तेच सांगितलं तेव्हा हसू थांबलं. पोरीचा बाप उठून पुढं आला. त्याचं तोंड उतरलं होतं. हात जोडून तो म्हणाला, की विहीणबाई, आमचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या, पण असं करू नका. नाव बदललं नाही तर लोक म्हणतील सासरनं पोर आपली मानली नाही. मुंडावळ्यांखाली शकूचे डोळे भरून आले होते. तिलाही तेच वाटत होतं.

फुलाबाईनं त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. दाखला, कचेरी, पुरावा, असं काहीतरी ती बोलू लागली. त्या ओसरीवर दाखला म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. लग्नाच्या घरात ही बाई कसलं कचेरीचं घेऊन बसली, असं सगळे बघत होते, आणि पोरगी आता हुंदके देऊन रडू लागली होती. आपण इथंही एका पोरीच्या भल्यासाठीच हट्ट धरून बसलोय, हे फुलाबाईच्या ध्यानात आलं.

तिनं साखरेची मूठ भरली.

"पार्वती," ती म्हणाली.

बायांनी सुटकेचा श्वास टाकला, वाजंत्री वाजली, साखर वाटली गेली. कोनाड्यात पुस्तकांचं गाठोडं होतं. त्याच्या पुढ्यातच कुणीतरी समई ठेवली होती, फडक्याला धग लागू नये म्हणून ती फुलाबाईनं थोडी बाजूला सरकवली.